आजोबांच्या आगगाडीचे काय करायचे?



घरातील वडीलधारी व्यक्ती देवाघरी गेली की काही दिवस घर माणसांनी भरलेले असते. नातेवाईक येतात, शेजारी जेवणाचे डबे आणतात, सातव्या दिवसाचे मिस्साबलिदान होते. मग सर्वजण आपापल्या कामाला लागतात आणि घरच्यांसमोर एक साधा, पण अवघड प्रश्न उभा राहतो. त्यांच्या वस्तूंचे काय करायचे? कपडे गरजूंना देता येतात. चष्मा, घड्याळ, जपमाळ कोणीतरी जपून ठेवतो. पण ज्या गोष्टीवर त्या माणसाने वर्षानुवर्षे जीव लावला आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला तिचा अर्थच कळला नाही, अशा गोष्टीचे काय?

आपण एक उदाहरण कल्पूया. एक इंजिनिअर निवृत्त झाले. नोकरी प्रामाणिकपणे केली, मुलांची शिक्षणे केली, लग्ने लावून दिली. निवृत्तीनंतर त्यांनी घराच्या मागच्या खोलीत एक मोठे टेबल मांडले आणि त्यावर छोटी आगगाडी उभी केली. रूळ, सांधे, सिग्नल, फलाट, फाटक, पाण्याची टाकी, बोगदा असे सर्व काही आपल्या हातांनी केले. सकाळचा चहा झाला की ते त्या खोलीत जात आणि जेवायला हाक मारली की बाहेर येत. अशी वीस वर्षे गेली. आता ते नाहीत. नातवंडे मोठी झाली आहेत, सुनेला ती खोली हवी आहे, आणि तिची मागणी चुकीची नाही. भंगारवाला सर्व सामान वजनावर घेऊन जायला तयार आहे. धाकटा नातू मात्र म्हणतो, "आजोबांची गाडी विकू नका." कोणाचे खरे मानायचे?

प्रश्न एका टेबलाचा किंवा एका खोलीचा असता, तर त्यावर लिहिण्याची गरज नव्हती. पण त्यामागे मोठा प्रश्न दडलेला आहे. ज्या कामाचा कोणाला काही उपयोग झाला नाही, त्या कामात घालवलेले आयुष्य वाया गेले असे म्हणायचे का? आणि गेलेल्या माणसाच्या आवडीबद्दल मागे राहिलेल्यांचे काही कर्तव्य असते का?

खेळणे की काम?

प्रथम हा छंद काय आहे ते पाहू. १८९१ साली जर्मनीतील मेर्कलिन या कंपनीने लाइपझिगच्या जत्रेत खेळण्यातली आगगाडी मांडली. तिच्या रुळांची मापे ठरवून दिलेली होती, त्यामुळे आज एक डबा, पुढच्या वर्षी चार रूळ, त्यापुढे एक सिग्नल असे थोडे थोडे घेऊन गाडी वाढवता येऊ लागली. मुलांबरोबर मोठी माणसेही त्यात रमली. आज जगात १:८७ हे प्रमाण सर्वाधिक लोकप्रिय आहे. खरी वस्तू जेवढी असेल तिचा सत्याऐंशीवा भाग करायचा. या प्रमाणात साडेपाच फूट उंचीचा माणूस दोन सेंटिमीटरही भरत नाही.

आपल्याकडे हे करायचे म्हटले की अडचणी वाढतात. भारतातील मोठ्या गेजच्या दोन रुळांमध्ये १६७६ मिलिमीटर अंतर असते. १:८७ च्या हिशेबाने ते १९ मिलिमीटरच्या थोडे वर भरते. बाजारात मिळणारे तयार रूळ युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजसाठी केलेले, म्हणजे साडेसोळा मिलिमीटरचे असतात. म्हणून भारतीय गाडी हुबेहूब करायची असेल, तर रूळही स्वतःच घालावे लागतात. सांध्याच्या ठिकाणी केसाएवढा फरक पडला तरी चाक उतरते. तारेचा एक जोड सैल राहिला तर सबंध गाडी थांबते, आणि तो जोड शोधण्यात दिवस जातो. हे काम करणाऱ्याला राग करून चालत नाही. दुसऱ्यावर दोष ढकलताही येत नाही, कारण रूळही त्याचे, सांधाही त्याचा आणि चूकही त्याचीच.

आता सांगा, यात खेळ किती आणि साधना किती?

आपल्या ओळखीची गाडी

आपल्या जिल्ह्याला छोट्या गाडीची ओळख करून देण्याची गरज नाही. आपल्यातील ज्येष्ठांनी शकुंतलेतून प्रवास केला आहे. १९०३ च्या सुमारास विदर्भातील कापूस बाहेर नेण्यासाठी हा मार्ग घातला गेला. किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी कंपनीने तो उभारला. रुळांमधील अंतर केवळ ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करीत मुर्तिजापूरपर्यंत सुमारे ११३ किलोमीटर, आणि पुढे दुसरा फाटा अचलपूरपर्यंत. आपल्या शेतातला कापूस या गाडीने निघे, मुंबईच्या बंदरात जाई आणि तेथून मँचेस्टरच्या गिरण्यांत. पुढे १९२१ साली त्याच मँचेस्टरमध्ये बनलेले वाफेचे इंजिन या मार्गावर आले. १९२३ पासून त्याने गाडी ओढली आणि १५ एप्रिल १९९४ रोजी ते विसावले. त्याच्या जागी डिझेलचे इंजिन आले. देश स्वतंत्र झाला तरी हा मार्ग खासगी कंपनीच्याच मालकीचा राहिला. तिकीट देणे, फाटक बंद करणे, डबे जोडणे-सोडणे ही कामे गाडीबरोबरची मोजकी माणसेच करीत. गाडी संथ होती, पण गरिबाला परवडणारी होती. गेली काही वर्षे ती बंद आहे.

एखाद्याने ठरवले की यवतमाळ ते मुर्तिजापूर हा मार्ग १:८७ च्या प्रमाणात जसाच्या तसा करायचा, तर किती जागा लागेल? ११३ किलोमीटरला ८७ ने भागा. जवळजवळ एक किलोमीटर तीनशे मीटर! म्हणजे खेळण्यातली शकुंतलासुद्धा कोणाच्या घरात मावणार नाही. म्हणून प्रत्येक कारागिराला निवड करावी लागते. चार स्थानके घ्यायची, बाकीची सोडायची. दहा वळणांऐवजी एक वळण दाखवायचे.

येथे या छंदाचा संबंध थेट नीतीशी येतो. काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे आपणही रोज ठरवत असतो. आपली आठवण हेच करते. माणूस गेल्यावर आपण त्याच्या साठ-सत्तर वर्षांतले चार प्रसंग ठेवतो आणि बाकीचे सोडून देतो. जागाच तेवढी असते, त्यात गैर काही नाही. गैर तेव्हा होते, जेव्हा आपण अडचणीचे तेवढे वगळतो. कोणी शकुंतलेचे मॉडेल केले, त्यात चकचकीत इंजिन ठेवले, हिरवी झाडे लावली, पण कापसाच्या गाठी पाठीवर वाहणारे हमाल ठेवले नाहीत, तिसऱ्या वर्गाच्या डब्यातली गर्दी ठेवली नाही, तर ते मॉडेल मापाने अचूक असूनही खोटे ठरेल. ज्यांच्या कष्टांवर गाडी चालली ते दोन सेंटिमीटरचे हमाल करायला एक संध्याकाळ पुरते. ती संध्याकाळ कोण देतो, यावरून कारागीर ओळखावा.

हे बोलण्याची ही जागा आहे का?

कोणी विचारील, ज्या जिल्ह्यात कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्यांनी जीव दिला, जेथे विधवा बहिणी एकटीने संसार ओढत आहेत, तेथे टेबलावरच्या आगगाडीची चर्चा करणे शोभते का? हा प्रश्न टाळता येणार नाही. उपाशी माणसाला आधी भाकरी हवी, यात दुमत नाही. घरात औषधाला पैसे नसताना कोणी परदेशी इंजिने मागवत असेल, तर तो छंद नव्हे, ती बेजबाबदारी आहे. आणि घरच्यांची भांडणे, मुलांचे प्रश्न, पत्नीचे आजारपण यांपासून पळून कोणी खोलीचे दार आतून लावून घेत असेल, तर त्या गाडीने त्याचे भले केले असे म्हणवणार नाही. त्या टेबलावर सर्व काही मालकाच्या मर्जीने चालते, खऱ्या घरात तसे चालत नाही. लहान जगाचा हा मोह खरा आहे.

पण या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. माणसाची किंमत त्याच्या उपयोगावर ठरवायची असे एकदा मान्य केले, की ते माप सर्वांना लागू होते. निवृत्त माणसाला लागू होते, अंथरुणाला खिळलेल्या आजीला लागू होते, ज्याच्या शेतात या वर्षी काहीच पिकले नाही त्या शेतकऱ्यालाही लागू होते. "आता माझा काय उपयोग?" हे वाक्य आपल्या भागात किती घरांत उच्चारले गेले आहे आणि त्याचा शेवट कोठे झाला आहे, हे आपण जाणतो. म्हणून "उपयोग काय?" हा प्रश्न माणसाबद्दल विचारताना आपली जीभ अडखळली पाहिजे. कोणाच्या फायद्याचे नसलेले काम जीव ओतून करणारा म्हातारा माणूस आपल्याला न बोलता सांगत असतो की कमाई थांबली तरी माणूस संपत नाही.

तिघांच्या तीन गाड्या

या छंदात आयुष्य घालवलेल्या तिघांच्या कामाचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे जॉन ॲलन नावाचे छायाचित्रकार होते. त्यांनी घराच्या तळघरात डोंगर, दऱ्या, पूल आणि त्यांतून जाणारी रेल्वे उभारली. नव्या कोऱ्या इंजिनांना गंज आणि काजळी दाखवून ती वापरातली भासवण्याची कला त्यांनी लोकप्रिय केली. ६ जानेवारी १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दहा दिवसांनी आग लागली आणि जवळजवळ सर्व काम जळून गेले. तरीही आज, पन्नास वर्षांनंतर, जगभरचे छंदिष्ट त्यांना गुरू मानतात. कारण त्यांनी जिवंतपणीच मासिकांत लेख लिहिले होते, छायाचित्रे दिली होती, मित्रांना बोलावून गाड्या चालवायला दिल्या होत्या. आगीत त्यांचे टेबल गेले. जे वाटले होते ते राहिले.

दुसरे इंग्लंडमधील पीटर डेनी. हे अँग्लिकन पंथाचे धर्मगुरू होते. त्यांनी 'बकिंगहॅम' नावाची छोटी रेल्वे कित्येक दशके वाढवत नेली. तिची गंमत अशी की ती खऱ्या रेल्वेच्या नियमांनी चालत असे. एका स्थानकावरचा माणूस घंटेच्या ठोक्यांनी पुढच्या स्थानकाला विचारणार, "गाडी पाठवू का?" पुढच्याने घंटेनेच होकार दिल्याशिवाय गाडी हलणार नाही. आपल्याकडे रेल्वेत यालाच 'लाइन क्लिअर' म्हणतात. म्हणजे ही गाडी एकट्याने चालवायची नव्हतीच, पलीकडे कोणीतरी हवेच. डेनी यांचा मुलगा क्रिस्पिन पलीकडचे स्थानक सांभाळत असे. पुढे त्याची जागा भरून काढण्यासाठी वडिलांनी एक यंत्र तयार केले. ते घंटा ऐकून घंटेने उत्तर देई. त्या यंत्राला त्यांनी नाव दिले 'ऑटोमॅटिक क्रिस्पिन'.

या नावात गंमत आहे, पण ज्यांची मुले पुण्याला, मुंबईला, आखाती देशांत गेली आहेत, त्या आईवडिलांना त्यात आणखीही काही ऐकू येईल. यंत्र घंटा वाजवू शकते. पण "बाबा, आज गाडी उशिरा का सोडली?" असे ते विचारू शकत नाही.

डेनी यांच्या रेल्वेचे पुढे चांगले झाले. ती दुसऱ्या एका छंदिष्टाच्या हाती गेली. त्याने ती समजून घेतली, दुरुस्त केली आणि चालू ठेवली.

तिसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले. पुण्याच्या कोथरूड भागात भाऊ जोशी यांच्या छंदातून एक लघु रेल्वे संग्रहालय उभे राहिले आणि १९९८ साली ते लोकांसाठी खुले झाले. एक छोटे शहरच तेथे मांडले आहे. त्यात गाड्या धावतात, सिग्नल बदलतात, दिवे लागतात. शाळांच्या सहली येतात, आजोबा नातवाला घेऊन येतात, आणि अनेकदा नातवापेक्षा आजोबाच अधिक वेळ रेंगाळतात. एका माणसाची आवड त्याच्या कुटुंबाने स्वतःची मानली आणि दार उघडे ठेवले. आपल्याला जवळचे म्हणजे नागपूरच्या मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालय. तेथे खरी छोटी इंजिने जपून ठेवली आहेत. मुलांना नागपूरला नेण्याचा योग आला तर एक तास त्यासाठी जरूर काढावा.

तिघांकडे पाहिल्यावर एक गोष्ट लक्षात येते. वस्तू किती मजबूत होती यावर तिचे टिकणे ठरले नाही. ती मालकाच्या हयातीत किंवा नंतर कोणाबरोबर वाटली गेली का, कोणी ती समजून घेतली का, यावर ठरले. ॲलन यांची वस्तू गेली, पण विद्या राहिली. एखाद्या घरात याच्या उलटही होऊ शकते. वस्तू कपाटात बंद, कुलूप लावलेले, आणि ती कशी चालते हे सांगणारा कोणी नाही. अशी वस्तू जपली आहे असे आपण म्हणतो, पण खरे तर ती हरवलेली असते.

मग त्या खोलीचे काय?

आता आपण सुरुवातीच्या घराकडे वळू. माझ्या मते सून आणि नातू दोघांचेही थोडे थोडे बरोबर आहे. गेलेल्या माणसाची प्रत्येक वस्तू ठेवायलाच हवी असे बंधन जिवंतांवर नाही. घर हे जिवंत माणसांसाठी असते. मृतांवरील प्रेमापोटी सुनेने आयुष्यभर अडचणीत राहावे अशी अपेक्षा कोणत्याही भल्या सासऱ्याने केली नसती. पण एक कर्तव्य मात्र आहे. जे समजून घेतले नाही ते फेकू नये. आधी समजून घ्यावे, मग निर्णय घ्यावा.

व्यवहारात हे कठीण नाही. भंगारवाल्याला बोलावण्याआधी सर्व कुटुंबाने एक संध्याकाळ त्या खोलीत बसावे. जमले तर गाडी एकदा चालवून पाहावी. फोटो काढावेत. आजोबांच्या वहीत काय लिहिले आहे ते वाचावे. हे स्थानक त्यांनी कोणते म्हणून केले होते, या फलाटावर पिशवी घेऊन उभी असलेली बाई कोण, असे प्रश्न एकमेकांना विचारावेत. कदाचित कळेल की ते लहानपणी आपल्या आईबरोबर ज्या स्थानकावर उतरत, तेच हे स्थानक आहे. मग ती गाडी शाळेला द्या, एखाद्या होतकरू मुलाला द्या, किंवा एक इंजिन आणि तो एक फलाट ठेवून बाकीचे सोडा. तेव्हा सोडताना मनाला टोचणी राहणार नाही.

पण बंधू-भगिनींनो, खरे उत्तर याच्याही आधीचे आहे. त्या फलाटावरची बाई कोण, हे आजोबा असतानाच विचारता आले असते. घरोघरी अशी एखादी खोली, एखादे टेबल, एखादी पेटी असते. कोणाची आगगाडी असेल, कोणाची जुनी नाणी, कोणाचा हार्मोनियम, कोणाचे क्रोशाचे विणकाम, कोणाच्या परसातली गुलाबाची कलमे. आपण जाता-येता "बाबांचे आपले काहीतरी चालू असते" असे म्हणून पुढे जातो. आत बसलेला माणूस मात्र पलीकडच्या स्थानकावरून घंटा येण्याची वाट पाहत असतो.

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या मोठ्या मार्गापैकी वर्धा ते कळंब हा टप्पा सुरू झाला. आपल्या जिल्ह्यात आता वेगवान गाड्या येतील, आणि त्याचा आनंदच आहे. मुलाबाळांना घरी येणे सोपे होईल. पण गाडी कितीही वेगवान झाली तरी घरी पोहोचल्यावर मागच्या खोलीपर्यंतची दहा पावले आपल्यालाच चालावी लागतील.

या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या घरातील एका ज्येष्ठाजवळ अर्धा तास बसावे. मोबाईल बाजूला ठेवावा. ते जे करीत आहेत ते कसे करतात, एवढेच विचारावे. समजले नाही तर पुन्हा विचारावे. त्यांना आवडेल, आणि उद्या त्या वस्तूचे काय करायचे हा प्रश्न आला, तर उत्तर आपल्याजवळ असेल.